विद्यार्थी किती बदलला, हे कसं तपासायचं? कोकणातल्या महाविद्यालयांसाठी टप्प्याटप्प्याने

मार्च उजाडला की आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत धावपळ सुरू होते. विभागांकडून कार्यक्रमांचे अहवाल, फोटो आणि हजेरीच्या सह्या मागवल्या जातात, आणि त्या गठ्ठ्यावर 'विद्यार्थी विकास' अशी चिठ्ठी लागते. गठ्ठा कितीही जाड असला, तरी एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) आलेली मुलगी टीवायला (तिसऱ्या वर्षाला) जाताना कुठे पोहोचली, हे त्यातून कळत नाही. आपण वर्षभरात काय केलं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम करताना मीही अशा फायली तयार केल्या आहेत. चूक कुठे होते, ते मला उशिरा उमगलं. मोजमाप शेवटी सुरू करतो, तिथेच सगळं बिघडतं. सुरुवातीची नोंद नसेल तर शेवटची नोंद कशाशी ताडून बघणार? म्हणून पुढच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. एखादा टप्पा लहान केलात तरी चालेल.

आधी हे बाजूला ठेवा

तीन गोष्टी विकासाच्या नावाखाली मोजल्या जातात. त्या मोजाव्यात, पण वेगळ्या कागदावर.

पहिली म्हणजे कार्यक्रमांची संख्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. त्या नावामुळे 'विद्यार्थी विकास' म्हटलं की अनेकांना युवा महोत्सवच आठवतो. महोत्सव ही विद्यार्थ्याला मिळालेली संधी झाली. त्यातून त्याच्यात काय बदललं, ते वेगळं शोधावं लागतं.

दुसरी, समाधान. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातले प्रश्न मुख्यतः अध्यापन-अध्ययनाबद्दल असतात. विद्यार्थी समाधानी असू शकतो आणि तीन वर्षांत जिथल्या तिथेही राहू शकतो.

तिसरी, निकाल. विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण महत्त्वाचे आहेतच, पण पहिल्या आणि सहाव्या सत्राचे विषय वेगळे, पेपर वेगळे, तपासणारे वेगळे. एकातून दुसरा वजा करून 'प्रगती' काढता येत नाही.

टप्पा १ : एप्रिल-मेमध्ये चारच गोष्टी ठरवा

'सर्वांगीण विकास' मोजता येत नाही. चार गोष्टी मोजता येतात. शिक्षकांची एक बैठक घ्या आणि प्रत्येकाला एक वाक्य पूर्ण करायला सांगा: 'आमच्याकडून पदवी घेऊन जाणाऱ्या मुलाला ... करता आलंच पाहिजे.' बैठकीत पंधरा-वीस वाक्यं येतील. त्यांतली चार ठेवा.

माझ्या अनुभवात या चार गोष्टी कोणत्याही शाखेला चालतात:

१. समोरचा मजकूर किंवा आकडे वाचून आपलं मत पुराव्यासह लिहिणं.
२. अनोळखी माणसांसमोर पाच मिनिटं स्पष्ट बोलणं आणि प्रश्नांना उत्तर देणं.
३. कोणी न सांगता माहिती शोधणं, अडलं तर विचारणं.
४. गटातलं स्वतःच्या वाट्याचं काम वेळेत पुरं करणं.

आता प्रत्येकीच्या चार पायऱ्या लिहा. याला रुब्रिक म्हणतात. 'उत्तम, चांगलं, बरं, कमी' अशा शब्दांनी रुब्रिक होत नाही. उत्तरपत्रिकेत नेमकं काय दिसलं पाहिजे, ते लिहायचं. पहिल्या गोष्टीसाठी आम्ही वापरलेल्या पायऱ्या अशा:

पायरी १: फक्त मत आहे, कारण नाही.
पायरी २: मजकुरातली एखादी गोष्ट उचलली आहे, पण ती मताशी जोडलेली नाही.
पायरी ३: मतासाठी पुरावा दिला आहे आणि विरुद्ध बाजूचा एक तरी मुद्दा घेतला आहे.
पायरी ४: दोन्ही बाजू तोलल्या आहेत, आणि आणखी काय माहिती हवी होती तेही सांगितलं आहे.

तपासा: दहा जुन्या उत्तरपत्रिका घ्या. दोन शिक्षकांनी त्या एकमेकांना न विचारता तपासाव्यात. दोनपेक्षा जास्त उत्तरपत्रिकांत दोन पायऱ्यांचा फरक पडला, तर दोष तपासणाऱ्यांचा नाही, वर्णनाचा आहे. वर्णन पुन्हा लिहा आणि नव्या दहा उत्तरपत्रिका घ्या.

टप्पा २ : परवानगी, संकेतांक आणि एकच तक्ता

प्रवेशाच्या वेळीच एका पानाचं संमतीपत्र घ्या. माहिती कशासाठी घेतो, कोण पाहील, किती वर्षं ठेवू आणि गुणांवर तिचा परिणाम होणार नाही, एवढं साध्या मराठीत लिहा. एफवायला येणारी बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते, त्यामुळे पालकाची सही त्याच कागदावर घ्या. नंतर पालकाला वाडीवरून बोलावणं म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडवणं.

मग प्रत्येक विद्यार्थ्याला एक संकेतांक द्या. रोल नंबर वापरू नका, तो दरवर्षी बदलतो. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि संकेतांक यांची जोडयादी एकाच व्यक्तीकडे कुलपात राहील. बाकी सगळ्या कागदांवर फक्त संकेतांक.

सावधान: प्रत्येक विभागाची वेगळी एक्सेल फाइल करू नका. दोन वर्षांनी त्या एकमेकींशी जुळत नाहीत, एवढं नक्की. एका विद्यार्थ्याची एक ओळ, तीन वर्षांचे स्तंभ आणि सगळ्या महाविद्यालयाचा एकच तक्ता.

टप्पा ३ : आल्या आल्या नोंद

हा टप्पा चुकला तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

अमेरिकी अभ्यासक अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी मांडलेली चौकट साधी आहे: विद्यार्थी काय घेऊन आला, मधल्या काळात त्याला कसलं वातावरण मिळालं आणि जाताना तो कुठे होता. तिन्ही हातात असतील तरच महाविद्यालयाबद्दल काही बोलता येतं. आपल्याकडे पहिला भाग जवळजवळ नेहमी कोरा असतो.

कधी घ्यायची? प्रवेश संपल्यावर, पण गणपतीच्या सुट्टीआधी. अगदी पहिल्या आठवड्यात घेऊ नका. तेव्हा पावसाने रस्ते बंद असतात, एस्ट्या रद्द होतात आणि घाटापलीकडची मुलं पोहोचलेलीच नसतात. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलंही डोळ्यांसमोर ठेवा. जून-जुलैच्या बंदीत ती वर्गात दिसतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की त्यांतली काही गैरहजर होऊ लागतात. जुलैचे मधले दोन आठवडे मला सगळ्यात योग्य वाटतात. गैरहजर राहिलेल्यांसाठी दुसरी तारीख आधीच जाहीर करा. जो पहिल्या दिवशी येऊ शकला नाही, बहुधा त्याचीच नोंद आपल्याला सगळ्यात जास्त हवी असते.

काय द्यायचं? पाठांतरावर लिहिता येणार नाही असं, पण ओळखीच्या जगातलं. आमचा एक नमुना सांगते. गावच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या वाळूत उतरू द्याव्यात का, यावर दोन पत्रं. एक निवास-न्याहारी चालवणाऱ्या बाईचं, दुसरं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या मच्छीमाराचं. सोबत पाच ओळींचा आकड्यांचा तक्ता. चाळीस मिनिटांत विद्यार्थ्याने ग्रामपंचायतीला सल्ला लिहायचा. दुसरा नमुना आंब्याच्या बागेचा: फळ दलालाला द्यायचं की स्वतः पेट्या भरून विकायच्या.

दोन नमुने मुद्दाम आहेत. अर्ध्या वर्गाला आता पहिला द्यायचा आणि अर्ध्याला दुसरा, टीवायला अदलाबदल करायची. सगळ्यांना एकच विषय दोनदा दिला तर दुसऱ्यांदा तो ओळखीचा असतो. सगळ्यांना आधी सोपा आणि नंतर अवघड दिला तर प्रगती लपते. अदलाबदलीने दोन्ही अडचणी सुटतात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

कोणत्या भाषेत? विद्यार्थी निवडेल त्या. रत्नागिरी-रायगडात उर्दू माध्यमातून आलेली मुलं असतात, आणि सिंधुदुर्गात घरी मालवणी बोलणारं पोर प्रमाण मराठीत लिहिताना अडखळतं. आपण विचार तपासतो आहोत, शुद्धलेखन नव्हे. रुब्रिकमध्ये हे लिहूनच ठेवा, नाहीतर तपासणाऱ्याची पेन्सिल आपोआप ऱ्हस्व-दीर्घावर जाते. मात्र जी भाषा आता वापरली, तीच टीवायला वापरायची.

सोबत एका पानाची माहिती घ्या: घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच व्यक्ती आहे का, बारावीचं माध्यम, घर ते कॉलेज किती मिनिटं, परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि शिकता शिकता काम करतो का. उत्पन्न आणि जात प्रवेश अर्जात आधीच असते, ती पुन्हा विचारू नका.

तपासा: दुसऱ्या तारखेनंतर वर्गाच्या पटातल्या किती जणांची नोंद झाली, ते मोजा. दहातले नऊ जण झाले नसतील तर तिसरी तारीख घ्या.

सावधान: उत्तरपत्रिका लगेच स्कॅन करा. आपल्याकडे पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या कागदाला बुरशी धरते, उन्हाळ्यात वाळवी लागते. तीन वर्षांनी उघडलेला गठ्ठा वाचता येण्यासारखा राहत नाही.

टप्पा ४ : मधल्या काळात संधी कोणाला मिळाली, ते लिहा

इथे शंभर गोष्टी गोळा करू नका. एनएसएस, एनसीसी, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, वक्तृत्व, ग्रंथालय आणि पालक शिक्षकांच्या (ठरावीक विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांच्या) भेटी, यांत प्रत्येक विद्यार्थ्याचे किती तास गेले, एवढंच पुरे. 'सहभागी: होय/नाही' यापेक्षा तास बरे, कारण सात दिवस निवासी शिबिरात राहिलेली मुलगी आणि उद्घाटनाला बसून गेलेला मुलगा एकाच खुणेत बसत नाहीत.

इथे मी स्वतः चुकले ते सांगते. एका वर्षी वक्तृत्व मंडळात लांबच्या गावांतली मुलं जवळजवळ नव्हतीच. अहवालात मी लिहिलं, 'ग्रामीण विद्यार्थ्यांत रुची कमी.' नंतर एका मुलीला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, सराव चारला सुरू होतो. पावणेपाचची गाडी चुकली तर मी रात्री राहू कुठे?" रुचीचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून शेवटच्या गाडीचा स्तंभ तासांच्या स्तंभाला लागूनच ठेवते. दोन्ही शेजारी दिसले की वेळापत्रकाचा दोष मुलांच्या माथी मारला जात नाही.

तपासा: प्रत्येक सत्र संपताना, ज्यांच्या तासांची बेरीज शून्य आहे त्यांची यादी काढा. ती पालक शिक्षकांच्या हातात त्याच आठवड्यात गेली पाहिजे.

टप्पा ५ : सोडून गेलेल्यांना तक्त्यातून पुसू नका

टीसी घेतली की ओळ काढून टाकायची, ही कार्यालयाची सवय असते. आपल्या तक्त्यात ती ओळ राहिली पाहिजे. सप्टेंबर आणि जानेवारीत, वर्षातून दोनदा, टीसी रजिस्टर आणि सलग महिनाभर गैरहजर असलेल्यांची यादी जुळवा आणि फोन करा. फोन शक्यतो त्या मुलाच्या ओळखीच्या शिक्षकाने करावा, संध्याकाळी सातनंतर.

कारण एका शब्दात लिहू नका. 'ड्रॉपआउट' या एका शब्दात नर्सिंगला प्रवेश मिळालेली मुलगी, गोव्यात हॉटेलात कामाला लागलेला मुलगा, लोटे-परशुरामच्या कारखान्यात कंत्राटावर गेलेला मुलगा आणि लग्न ठरवून बसवलेली मुलगी, सगळी येतात. पहिली पुढे गेली आहे. शेवटचीसाठी बहुधा अजून काही करता येईल. दोघींना एकाच रकान्यात घालणं अन्यायाचं आहे.

टप्पा ६ : टीवायला पुन्हा मोजणी

वेळ: जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. शिमगा आणि परीक्षा यांच्या मध्ये सापडलात तर अर्धा वर्ग गावी असेल. चार वर्षांचा ऑनर्स करणाऱ्यांची मोजणी तिसऱ्या वर्षीही करा, नाहीतर त्यांची बरोबरी कोणाशीच होत नाही.

काम तेच, वेळ तीच, भाषा तीच, फक्त नमुन्याची अदलाबदल. बोलण्याची नोंद ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टच्या सादरीकरणातच घ्या, वेगळा कार्यक्रम नको. एफवायला मात्र तशाच पाच मिनिटांची नोंद केलेली हवी. गटकामासाठी शिक्षकाच्या नोंदीबरोबर गटातल्या इतरांची गुप्त नोंद घ्या. स्वतः माहिती शोधण्यासाठी ग्रंथालयाची नोंद आणि प्रकल्पाच्या डायरीतली पानं बघा, दुसऱ्या वर्षापासूनच.

आता तपासणी. एफवायच्या आणि टीवायच्या उत्तरपत्रिका एकत्र मिसळा. नाव, वर्ष, तारीख झाकलेली असावी. त्याच दोन शिक्षकांनी त्याच आठवड्यात दोन्ही तपासायच्या. ही मेहनत टाळून एफवायचे जुने गुण वापरण्याचा मोह होतो. तो आवरा. उत्तरपत्रिका टीवायची आहे हे कळलं की आपला हात नकळत सैल होतो. चाळीस विद्यार्थी म्हणजे ऐंशी उत्तरपत्रिका, एकीला सहा मिनिटं धरली तर प्रत्येक शिक्षकाचे आठ तास. दोन दिवसांत होतं.

टप्पा ७ : हिशेब, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक

समजा पायऱ्या शंभरपैकी गुणांत मांडल्या. एफवायला साठ जण होते आणि त्यांची सरासरी शंभरपैकी ४० आली. टीवायला चाळीस उरले आणि त्यांची सरासरी ५२. अहवालात लिहिलं जातं, 'बारा गुणांची वाढ.'

आता त्याच चाळीस जणांचे एफवायचे गुण काढा. समजा त्यांची तेव्हाची सरासरी ४६ होती. म्हणजे खरी वाढ सहा. उरलेले सहा गुण सोडून गेलेल्या वीस जणांमुळे आले, त्यांची सरासरी २८ होती. कच्ची मुलं गेली म्हणून वर्ग हुशार दिसतो. त्या महाविद्यालयाला खरी काळजी वाटायला हवी ती या वीस जणांची, आणि चुकीच्या हिशेबात नेमके तेच आपल्या यशाचा भाग होऊन बसतात.

म्हणून नियम: वजाबाकी विद्यार्थ्यागणिक करायची, मग सरासरी. सोडून गेलेल्यांचा आकडा त्याच पानावर, त्याच अक्षरांत.

मग सरासरीवर थांबू नका. किती जण वर चढले, किती तिथेच राहिले, किती खाली आले, ते मोजा. आपले वर्ग लहान असतात. बत्तीसच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. टक्केवारीऐवजी '३२ पैकी १९' असं लिहा.

पहिल्या पिढीतले, लांबून येणारे, काम करून शिकणारे, मुली, असे गट वेगळे पाहा. पाचपेक्षा कमी जणांचा गट छापील अहवालात दाखवू नका, गावात कोण ते लगेच ओळखलं जातं.

सावधान: वाढ दिसली म्हणून ती आपल्यामुळे झाली असं लिहू नका. तीन वर्षांत मूल वयानेही वाढतं. एफवायला एकाच पायरीवर असलेल्यांत एनएसएसला भरपूर तास दिलेले आणि न दिलेले यांची तुलना करता येते, पण एनएसएसला जाणारी मुलं मुळातच उत्साही असू शकतात. 'सोबत वाढ दिसली' इतकंच म्हणा.

टप्पा ८ : विद्यार्थ्याला विचारताना

'माझा आत्मविश्वास: १ ते ५' असा प्रश्न एफवायला विचारा आणि टीवायला विचारा, बऱ्याचदा आकडा घसरलेला दिसेल. घाबरू नका. एफवायला गावच्या शाळेतला पहिला क्रमांक डोक्यात असतो. तीन वर्षांनी चांगलं बोलणं कसं असतं हे त्याला कळलेलं असतं, त्याची मोजपट्टीच मोठी झालेली असते. म्हणून टीवायला दोन प्रश्न शेजारी ठेवा: 'आज तुम्ही कुठे आहात?' आणि 'आज मागे पाहताना, एफवायला कुठे होतात असं वाटतं?' यातही स्वतःला पुढे गेलेलं पाहण्याची ओढ असते, तेव्हा हे उत्तर लेखी कामाच्या जोडीला वापरा, त्याच्या जागी नव्हे.

गुगल फॉर्मवर विसंबू नका. रेंज नसलेल्या वाडीतली मुलं त्यात आपोआप गळतात. सहा ते आठ जणांच्या गटाशी, दुपारच्या सुट्टीत, त्यांना न शिकवणाऱ्या शिक्षकाने बोलावं. एक प्रश्न नक्की विचारा: 'इथे असं काय घडलं, ज्यामुळे तुम्ही काहीतरी वेगळं करू लागलात?' उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

टप्पा ९ : पास झालेले गणपतीत भेटतात

निकालानंतर लगेच फोन केला तर 'शोधतोय' एवढंच ऐकू येतं. एक वर्ष जाऊ द्या. मुंबई-पुण्याला गेलेली आपली मुलं गणपतीला आणि शिमग्याला घरी येतातच. माजी विद्यार्थी मेळावा घालून त्यांना कॉलेजात बोलावू नका, घरी गौरी-गणपती सोडून कोण येईल? त्याऐवजी प्रत्येक गावातल्या एका एसवायच्या विद्यार्थ्याला एक पानी अर्ज द्या, आरतीला घरोघरी फिरताना तो भरून घेतो. अर्जात तीन प्रश्न: सध्या काय करता, त्यात कॉलेजातलं काय वापरता, आणि काय शिकायला हवं होतं असं वाटतं. ज्यांना गावी येता आलं नाही, त्यांना नंतर फोन.

टप्पा १० : निष्कर्षाला माणूस आणि तारीख

अहवाल चार पानांचा करा. प्रत्येक निष्कर्षाखाली तीन ओळी हव्यात: काय बदलणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ: 'वक्तृत्वाचा सराव दुपारी बाराच्या तासाला, मराठी विभाग, पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून.' ज्या निष्कर्षाखाली या ओळी लिहिता येत नाहीत, तो अहवालात ठेवू नका.

विद्यार्थ्यांनाही सांगा. प्रत्येक टीवायच्या विद्यार्थ्याला त्याची एफवायची आणि आताची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दाखवा, पंधरा मिनिटं पुरतात. स्वतःचं तीन वर्षांपूर्वीचं अक्षर आणि विचार पाहताना मुलं गप्प होतात, मग बोलू लागतात. पूर्ण कामात मला सगळ्यात आवडणारा दिवस हाच.

शेवटी हस्तांतरण. समन्वयकाची बदली झाली की काम थांबतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रुब्रिक, दोन्ही नमुने, कोणत्या विद्यार्थ्याला कोणता नमुना दिला त्याची यादी, संमतीपत्रं आणि तक्ता, या पाच गोष्टी एका फायलीत आणि एका पेनड्राइव्हवर प्राचार्यांच्या कपाटात ठेवा. जोडयादी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या कुलपात. पाकिटावर पुढच्या जुलैच्या दोन्ही तारखा लिहून ठेवा.